रखमाकाकीनं मागून घेतलेला गोवर

आमच्या रखमाकाकीला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. शेजारणीची म्हैस दूध जास्त द्यायला लागली की हिच्या पोटात दुखे. कुणाच्या पोरीला मुंबईचं स्थळ आलं की ही चुलीपुढं भांडी आपटी. महाडजवळच्या आमच्या नाते गावातल्या बायका नवं लुगडं नेसल्या की आमच्या दारावरून जायचं टाळत. चुकून गेल्याच तर काकी ओटीवरून विचारी, "कितीला पडलं गो? रंग टिकंल असं नाय वाटत."

मला मात्र ती आवडायची. जळणारं माणूस निदान दुसऱ्याकडं नीट बघतं तरी. कुणाच्या गळ्यात नवा मणी आला, कुणाची पोर सासरहून रडत आली, कुणाच्या घरी मासळी शिजली, हे काकीला सगळ्यांच्या आधी कळायचं. गावाला वर्तमानपत्राची गरज नव्हती.

काकी कुडपणची. पोलादपूरच्याही वर, डोंगराच्या माथ्यावरचं पठार ते. त्या काळी खालीच एस.टी.तून उतरायचं आणि पुढं चढत राहायचं. एक घर इथं, दुसरं पार त्या टोकाला, मधे नाचणी-वरीची शेतं आणि वारा. पोरं एकमेकांना भेटायची ती जत्रेला नाहीतर लग्नाला. त्यामुळं खाली महाडात दर वर्षी जे आजार पोरांच्या अंगावर फुलायचे, ते कुडपणला पोचायचेच नाहीत. काकी लहानपणी एक दिवस अंथरुणाला खिळली नव्हती आणि तिचा तिला भारी ताठा. "आमच्याकडं वर चढता चढता पावन्याला दम लागतो, रोगाची काय बिशाद?" असं ती म्हणायची आणि म्हणताना माझ्या आईकडं बघायची.

माझी आई कमळा, महाडच्या बाजारातली. अरुंद बोळ, एका भिंतीला चार बिऱ्हाडं, तिचे वडील हमाली करायचे. त्या बोळात जे जे आलं ते ते आईला झालं. गोवर, कांजिण्या, गालगुंडं, डांग्या खोकला. वाढ खुंटल्यासारखी बारकी राहिली ती. काकी तिला "बाजारातली काडी" म्हणायची. काकी थोरली जाऊ, आई धाकटी. येसाजीकाका घरची शेती बघायचे, माझे वडील चांगू मुंबईला गोदीत कामाला.

एवढ्यावर भागलं असतं तर काकी सुखानं जगली असती. पण लग्नाला पाच वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती, आणि या काडीला लग्नाच्या वर्षाच्या आत मी झाले. माझ्या बारशाला काकी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिली. बारसं संपल्यावर मात्र मला मांडीवर घेऊन बसली ती सोडायला तयार नाही. दूध पाजायला आईला मला मागून घ्यावं लागलं म्हणे. जळायची तीही अशी, वस्तू हातात आली की तिच्यावर जीव टाकायची.

मी पाच वर्षांची झाले त्या वर्षी नवल झालं. काकीला दिवस गेले. पाळी जरा चुकली तोच तिनं साऱ्या गावात सांगून टाकलं. गाव अजून तोंडात बोट घालून होतं तेवढ्यात कळलं की आईलाही दिवस गेलेत. काकीचा आनंद निम्मा झाला. "माजं एकटीचं काय म्हनून होऊ द्यायचं नाय हिनं," असं ती माझ्या आज्जीला, रंगूआज्जीला, म्हणाली. जसं काही आईनं मुद्दाम साधलं होतं.

त्याच सुमाराला मुंबईचे कुणी डॉक्टर महाडच्या दवाखान्यात आले होते. पोटुशी बायकांचं रक्त तपासायचं होतं त्यांना. गावात येणाऱ्या नर्स जानकीबाई बायकांना गोळा करून घेऊन गेल्या. काकी पुढं, आई मागं. रक्त काढताना आईला घेरी आली, काकीला काही झालं नाही. घरी येऊन काकीनं हात वर करून सगळ्यांना दाखवला. "ह्ये बगा, टोचलं कुटं त्ये पन कळत नाय."

रक्ताचा निकाल घेऊन जानकीबाई आल्या तेव्हा मार्च संपत आला होता. त्या चवदार तळ्याजवळ राहायच्या. तळ्यावर लोकांची रीघ लागते त्या दिवसांत त्यांच्या घरी गावोगावच्या पाहुण्यांच्या पंगती उठत. दमलेल्या दिसत होत्या, पण ओटीवर बसून त्यांनी दोघी जावांना शांतपणे समजावलं.

"एक बारका गोवर असतो. तीन दिवस पुरळ, कानामागं गाठी, थोडा ताप. पोरांना काही होत नाही त्यानं. पण पोटुशी बाईला झाला तर पोटातल्या बाळाला बाधतो. डोळे जातात, कान जातात. ज्या बाईला लहानपणी होऊन गेलाय, तिच्या रक्तात त्याच्याशी लढायची ताकद असते, तिला भीती नाही. कमळाबाई, तुमच्या रक्तात ती ताकद आहे. रखमाबाई, तुमच्या नाही."



"हिच्या रक्तात हाय नि माज्या रक्तात नाय?"

"हो."

"परत बगा. बाटली बदलली आसंल. हिला घेरी आली रगत काढताना. मी कुडपणची हाय बाई, कुडपणची!"

"म्हणूनच नाही," जानकीबाई म्हणाल्या. "तिकडं तुमच्यापर्यंत तो पोचलाच नाही. त्याला काय करणार?"

"मंग मला सुई टोचा त्याची."

"लस निघालीय तिकडं परदेशात. आपल्याकडं गावात कुठली? आणि असती तरी पोटुशी असताना देत नाहीत. तुम्ही फक्त एवढंच करायचं, अंगावर पुरळ आलेल्या पोराजवळ जायचं नाही."

"आनि हिच्यात आली ती ताकद, ती कशी आली?"

"सांगितलं ना. एकदा होऊन गेला की येते. मग जन्मभर जात नाही."

हे शेवटचं वाक्य काकीनं उचललं आणि बाकीचं ओटीवरच सांडलं. आजवर आईजवळ नवरा मुंबईचा होता, नायलॉनची साडी होती, ट्रान्झिस्टर होता, मी होते. ते सगळं बाहेरचं होतं, काकी त्यावर जळून घ्यायची आणि वर "माजी तब्येत बगा" म्हणायची. आता रक्तातही आई पुढं गेली होती.

त्याच आठवड्यात माझ्या अंगावर पुरळ आलं. पंधरा दिवसांपूर्वी मामाच्या लग्नाला आईनं मला महाडला नेलं होतं, तिथल्या पोरांत मी खेळले होते. आज्जीनं दाराला लिंबाचा डहाळा लावला, घरात फोडणी बंद केली आणि मला माजघरात निजवलं. आईनं माझ्या कानामागं हात लावून बघितलं आणि तशीच उठून काकीकडं गेली.

"जाऊबाय, तुमी आजच्या आज कुडपणला जावा. सिस्टर काय म्हनाल्या ते आयकलंत ना? पोरीच्या कानामागं गाठी हायत."

"हाकलतंस मला?"

"हाकलत नाय वो. तुमच्या पोटासाटी सांगते."

"माजं पोट माजं मी बगून घेन."

येसाजीकाकांनीही जायला सांगितलं. काकीनं उद्या जाते म्हणून सांगितलं आणि लुगडी बांधायला घेतली. दुपारी आई धुणं घेऊन नदीवर गेली. आज्जी परसात होती. काकी माजघरात आली आणि माझ्याजवळ बसली. मला वाटलं, ती गंमत म्हणून आलीय. तिनं माझ्या कानामागच्या गाठी चाचपल्या, गालाला गाल घासला. माझी पेज अर्धी उरली होती, ती तिनं माझ्याच वाटीतून, माझ्याच चमच्यानं खाल्ली. मग माझ्या गोधडीत शिरली आणि मला पोटाशी धरून पडून राहिली. मला फार बरं वाटलं. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास यायचा.

"काकी, तुला पन पुरळ येतील," मी म्हटलं.

"येऊ देत गो. तुज्या आयशीला आले तसे मला पन येऊ देत. अजून पोटात नुसता गोळा हाय, जीव कुटं आलाय त्याच्यात? जीव पाचव्या म्हैन्यात येतो. तवर माजं उरकून जाईल. मंग माज्या पोराला कसली भीती नाय."

तिचा हिशोब तिच्या दृष्टीनं चोख होता. आमच्याकडं सगळ्या बायका हेच मानत. पाचव्या महिन्यात बाळ हललं की त्यात जीव आला, तोपर्यंत जे काय व्हायचं ते आईला होतं. आईला होऊन गेलं की ताकद येणार, ताकद आली की ती बाळालाही मिळणार. जानकीबाईंनी नेमकं ज्याच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, ते काकीनं गोधडीत कवटाळलं. जाताना माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाली, "आयशीला सांगू नकोस."

गूळ पोटात राहिला, गोष्ट राहिली नाही. आई नदीवरून आली तशी मी सांगून टाकली. आई ओला पिळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. लुगड्याचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "हे कुनाला सांगायचं नाय. बापाला नाय, आज्जीला तर नायच नाय. धा वर्सांनी दिवस गेलेत तिला. सासूला कळलं तर हिला घरात ऱ्हाऊ देनार नाय."

दुसऱ्या दिवशी काकी कुडपणला गेली. काही आठवड्यांनी परत आली ती तोऱ्यात. कुडपणला तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, सांधे दुखले होते, तीन दिवसांत सगळं गेलंही होतं. जाण्याआधीच लागण झाली होती, बिचारीला निघायला एक दिवस उशीर झाला, असंच सगळे समजले. येसाजीकाका तिला महाडच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाळाला धोका आहे, पाडायचा विचार करा. काकी खुर्चीतून उठली आणि थेट स्टँडवर येऊन बसली. मागून धावत आलेल्या काकांना म्हणाली, "त्याला म्हनावं, आता माज्या पन रक्तात हाय."

रंगूआज्जीनं सगळा दोष आईला दिला. पोरीला महाडला घेऊन गेली, बाजारातला रोग घरात आणला, थोरलीच्या पोटावर उठली. आई खाली मान घालून भाकऱ्या थापत राहिली. काकी समोरच बसलेली असायची. तिनं एकदाही तोंड उघडलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर दोघी पाठोपाठ बाळंत झाल्या. आईला सदू झाला, काकीला सगुणा. सगुणाचे डोळे टपोरे, चांगले, सगळं बघणारे. रंग तर असा की गावातल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. काकी पहिल्यांदाच कुणावर जळत नव्हती, सगळं गाव तिच्यावर जळावं अशी तिची इच्छा होती.

"किती शानी हाय बगा," ती म्हणायची. "कमळीचा सदू थाळी पडली तरी किंचाळतो. माजी सगुना हूं की चूं करत नाय."

दिवाळीला फटाके वाजले, सगुणा झोपलेली. काकी ओटीवर आली आणि शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग शिमगा आला. पालखी दारात नाचायला लागली, ढोल अगदी अंगणात. सदूनं रडून आकांत केला, गावातली सगळी तान्ही रडत होती. ढोलवाल्याच्या शेजारी काकी सगुणाला खांद्यावर घेऊन उभी होती आणि सगुणा गाढ झोपली होती. काकीनं मोठ्या तोऱ्यात चौफेर बघितलं. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. फक्त आईनं मान वळवली होती आणि पदर तोंडाशी धरला होता.

काकीला त्या क्षणी कळलं. तिनं सगुणाच्या कानापाशी तोंड नेऊन तिला हाक मारली. मग जोरात मारली. मग ढोलाहून मोठ्यानं मारली. पोर झोपेत ओठ हलवत राहिली.

त्यानंतरची वर्षं वाईट गेली. काकी सगुणाशी ओरडूनच बोलायची, जसं काही आवाज वाढवला की कधीतरी पोचेल. पोर तिचं तोंड बघून घाबरायची आणि माझ्या आईकडं पळायची. आईनं सगुणासाठी हातांची एक बोली तयार केली होती, तिची तीच. अंगठा तोंडाला लावला की पाणी. गाल आत ओढले की आज्जी. वेणी ओढल्यासारखं केलं की मी. दोघी तासन् तास हातवारे करत हसायच्या. आई आधी सगुणाला भरवायची, मग सदूला, मग मला. मला सगुणाचा असा राग यायचा की तिच्या बांगड्या मी एकदा विहिरीत टाकल्या. आणि काकी दारात उभी राहून माझ्या आईकडं बघायची. लुगडं, ट्रान्झिस्टर, नवरा, सगळं परवडलं असतं तिला. आता आईनं तिची पोरच घेतली होती.

"लेक पन हिनंच घेतली," ती विहिरीवर बायकांना सांगायची. "रोग देऊन कान घेतलान, आता लेक घेतलीन."

आईच्या कानावर ते यायचं. ती काही बोलायची नाही. मला तिचाही राग यायचा.

मग एका गौरी-गणपतीला सगळे घरी होते. वडील मुंबईहून आले होते. सगुणा पाच वर्षांची, नव्या परकरात. गौरीपुढं बसलेल्या बायकांना रंगूआज्जी जुनी कहाणी सांगायला लागली. कमळीच्या पोरीनं महाडहून रोग आणला आणि माझ्या नातीचे कान खाल्ले. बोलता बोलता तिनं माझ्याकडं बोट केलं. "हीच ती."

मी दहा वर्षांची होते. मला असह्य झालं.

"मी काय केलं?" मी ओरडले. "काकीच माझ्या गोधडीत येऊन निजली. माझ्या वाटीतली उष्टी पेज खाल्ली तिनं. पुरळ यावेत म्हणून! आईला मी तेव्हाच सांगितलं होतं!"

आज्जीचं बोट तसंच वर राहिलं. येसाजीकाकांनी भिंतीला हात टेकला. काकी गौरीपुढं बसली होती, ती माझ्याकडं नाही, आईकडं बघत होती.

"तुला म्हाईत व्हतं?"

"व्हतं," आई म्हणाली.

"तवापासून?"

"त्याच दिवसापासून."

"मंग सासू तुला बोलत व्हती तवा सांगितलं का नायस? मी विहिरीवर तुज्या नावानं बोंब मारत व्हते, तवा का नाय सांगितलंस?"

"सांगून काय सगुनाला आयकू येनार व्हतं?"

काकीनं कपाळ गौरीपुढच्या पाटावर टेकलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली. तशी रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. रडता रडता म्हणाली, "एवडं मन पन देवानं तुलाच दिलान गो. मला काय दिलान मंग? मला काय दिलान?"

सगुणाला काही ऐकू गेलं नव्हतं, पण काकी रडतेय हे तिला दिसलं. ती गर्दीतून वाट काढत आली, काकीच्या समोर बसली आणि तिनं आपल्या कपाळावर अंगठा टेकवून गोल फिरवला. काकी बघत राहिली.

"ह्ये काय करते ती?" तिनं आईला विचारलं.

"तुमाला हाक मारते. तुमी मोटं कुकू लावता ना, म्हनून. ही खून मंजी आय. पयली हीच शिकवली मी तिला. तुमी कदी तिच्या हाताकडं बगितलंतच नाय, जाऊबाय. माज्याकडंच बगत राह्यलात."

त्या दिवसानंतर येसाजीकाका बरेच दिवस काकीशी बोलले नाहीत. आज्जीनं मात्र आईला बोलणं सोडलं, तेवढं तरी झालं. काकी रोज संध्याकाळी आईपुढं बसून हातांची बोली शिकायला लागली. शिकताना चिडायची. आईची बोटं पातळ, हिची जाड, त्यावरूनही जळायची. पण शिकली. पुढं विहिरीवर ती बायकांना पाण्याची आणि भाकरीची खूण करून दाखवायची आणि वर म्हणायची, कमळीपेक्षा माझी सगुणा माझं लवकर समजते.

आणि काकी ती काकीच. एक खूण तिनं स्वतः काढली. डाव्या हाताची मूठ उजव्या तळव्यात ठेवायची आणि मूठ हळूच उघडायची. ती फक्त तिची आणि सगुणाची. आईला तिनं सांगितली नाही. आईनं एकदा हसत विचारलं तर काकी म्हणाली, "समदं तुलाच पायजे का गो?"

काकी जाऊनही आता वर्षं झाली. सगुणा अजून कधीकधी एकटी बसली की ती खूण करते, मूठ तळव्यात ठेवते आणि उघडते. मी तिला कितीदा विचारलं, याचा अर्थ काय. ती हसते आणि सांगत नाही. मी पण रखमाकाकीच्या मांडीवर वाढले, तिच्या गोधडीत निजले, आणि एवढी एक गोष्ट तिनं मला दिली नाही. मला सगुणाचा अजून हेवा वाटतो.